मोत्या, हरणी, मंगळी: घरच्या जनावराची आठवण कशी जपावी

साताऱ्या-सांगलीकडच्या वाचकांच्या पत्रांत एक विषय पुन्हा पुन्हा येतो, फक्त जनावर बदलते. कुणाचा म्हातारा कुत्रा गेलेला असतो, कुणाची दावणीची गाय, तर कुणाचा शर्यतीचा खोंड. ‘शेतात समाधी बांधली तर चालेल का?’, ‘नव्या पिल्लाला तेच नाव ठेवावे का?’, ‘नाव कुणी ठेवले होते तेच आता कुणाला आठवत नाही, काय करावे?’ तिसरा प्रश्न बहुतेक पत्रांत शेवटच्या ओळीत, जाता जाता विचारलेला असतो. पण काम तिथूनच सुरू करायला हवे. समाधीचा दगड पुढच्या वर्षीही मिळेल. नाव ठेवणारी आजी तोवर असेलच असे नाही. म्हणून या लेखात दगडापेक्षा नावाला जास्त जागा दिली आहे. त्याआधी, जनावर गेले त्या दिवशी करायची कामे उरकून घेऊ.

पहिल्या दिवसाची कामे

- विमा असलेली गाय, म्हैस किंवा बैल पुरण्याची घाई करू नका. आधी विमा कंपनीला आणि पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवा. शवविच्छेदनाचा दाखला आणि कानातल्या बिल्ल्यासह काढलेले फोटो मागितले जातात. बिल्ला नसेल तर दावा बहुधा तिथेच अडतो. बारा अंकी बिल्ला कंपनीकडे जमा करावा लागणार असेल, तर आधी त्याचा स्वच्छ फोटो घ्या.
- मरण्याआधी कुत्रा विचित्र वागत होता का? लाळ गाळणे, विनाकारण चावणे, आवाज बदलणे, गिळता न येणे यांपैकी काही दिसले असेल तर पिसाळण्याचा संशय धरा. उघड्या हाताने त्याला उचलू नका, पशुवैद्यकांना बोलवा. तो कुणाला चावला असेल किंवा कुणाच्या जखमेला त्याची लाळ लागली असेल, तर ती जागा साबणाने आणि वाहत्या पाण्याने भरपूर धुऊन त्याच दिवशी दवाखाना गाठा. सरकारी रुग्णालयात ही लस मोफत मिळते.
- पुरायचे असेल तर खोल पुरा. कुत्र्या-मांजरासाठी किमान तीन फूट आणि मोठ्या जनावरासाठी सहा ते आठ फूट खड्डा घ्या. विहीर, बोअर आणि ओढा यांपासून लांबची, थोडी उंचावरची जागा निवडा. वर चुना टाका. प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून पुरू नका. सुती कापड पुरे.
- इंजेक्शन देऊन मरण दिले असेल तर खोलीबाबत अजिबात तडजोड नको. ते औषध शरीरात राहते आणि उकरून खाणारे दुसरे जनावर त्याने मरू शकते.
- कृष्णेत, वेण्णेत, वारणेत सोडू नका. नदीत सोडले म्हणजे सद्गती मिळाली, असे सांगणारे लोक भेटतील. 1974 चा जलप्रदूषण कायदा त्यांच्या बाजूने नाही, आणि खालच्या गावाची पाणीयोजनाही त्याच नदीवर असते.
- शहरात जागा नसेल तर नगरपालिका किंवा महापालिकेच्या आरोग्य अथवा स्वच्छता विभागाला कळवा. मेलेले जनावर उचलून नेणे हे त्यांचे काम आहे. उचलताना घरचे एखादे माणूस सोबत थांबू शकते. तशी विनंती करायला संकोचू नका.

माती देण्याआधी गळ्यातला पट्टा, घुंगरू किंवा घंटा काढून घ्यायची की सोबत ठेवायची, हा ज्याचा त्याचा प्रश्न. आमचे मत विचाराल तर काढून घ्या. ठेवण्याचा निर्णय नंतर बदलता येतो, पुरण्याचा येत नाही.

आधी नावाची गोष्ट उतरवून घ्या

साताऱ्याजवळ कृष्णा आणि वेण्णा जिथे मिळतात, त्या संगम माहुलीला थोरल्या शाहू महाराजांच्या खंड्या कुत्र्याची समाधी आहे. शिकारीत वाघाने गाठले तेव्हा या कुत्र्यामुळे महाराजांचा जीव वाचला, आणि त्याबद्दल त्याला जहागीर व पालखीचा मान मिळाला, अशी हकीकत सांगतात. साताऱ्यात रेसिडेंट म्हणून राहिलेल्या ग्रँट डफनेही 1826 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या मराठ्यांच्या इतिहासात ती दिली आहे. एकदा भर दरबारात महाराजांनी कुत्र्याला जरीचे कापड घालून, जवाहिरांनी सजवून आपली पगडी त्याच्या डोक्यावर ठेवल्याचे डफ सांगतो, आणि हा सगळा प्रकार लहरीपणात जमा करून पुढे जातो. डफच्या लेखी तो महाराजांचा एक आवडता कुत्रा. खंड्या हे नाव टिकले ते माहुली-साताऱ्याच्या तोंडी.

याच्या उलट उदाहरण कर्नाटकातल्या आतकूरचे. राष्ट्रकूट राजा तिसरा कृष्ण याच्या काळातला, इसवी सन 949-50 च्या सुमाराचा तो शिलालेख आता बेंगळुरूच्या सरकारी संग्रहालयात आहे. मणलेर नावाच्या सरदाराने लढाईतल्या पराक्रमाचे बक्षीस म्हणून राजाकडे काय मागितले, तर काळी नावाचा शिकारी कुत्रा. पुढे हा कुत्रा एका मोठ्या रानडुकराशी झुंजला आणि दोघेही मेले. कुत्र्याचे नाव, तो कुणाकडून कुणाकडे आला, कशाशी झुंजला, कसा मेला आणि त्याच्या दगडाची पूजा कशी चालावी, हे सारे त्या एका दगडावर कोरलेले आहे. हजार वर्षांहून अधिक काळ लोटला तरी आपण त्याला नावाने ओळखतो.

तुम्हाला शिलालेख कोरायचा नाही. वहीचे एक पान पुरे. घरातल्या वडीलधाऱ्यांना निवांत वेळी गाठा आणि एवढे विचारा:

1. हे जनावर घरात कसे आले? घरीच जन्मले, बाजारातून आणले, की कुणी दिले? बाजारातून असेल तर कुठल्या: खरसुंडीच्या, म्हसवडच्या, की पुसेगावच्या जत्रेतल्या?
2. नाव कुणी ठेवले? त्याआधी दुसरे एखादे नाव सुचले होते का? ते का टाकले?
3. नावाचे कारण रंग, वार, देव, सिनेमा, की त्या दिवशी घडलेली एखादी गोष्ट?
4. हाक कशी मारत? पूर्ण नाव कोण घेई आणि कोण लाडाने तोडून घेई?
5. त्याच नावाचे जनावर घरात आधी कधी होते का?
6. रागावले की त्याला काय म्हणत?

सहावा प्रश्न गमतीचा वाटेल, पण तो विचाराच. सगळ्यात जास्त गोष्टी त्यातूनच बाहेर पडतात.

उत्तर ‘असंच ठेवलं होतं’ असे आले तर तिथे थांबू नका. आपल्याकडे फार थोडी नावे खरोखर ‘असंच’ ठेवलेली असतात. मंगळवारी जन्मलेली वासरी मंगळी होते. हरणी, कबरी, तांबू आणि ढवळ्या ही नावे रंगावरून आली. माणदेशात, आटपाडीच्या बाजूला खिल्लाराची पारख असलेली माणसे काजळी आणि कोसा यांतला फरक लांबून सांगतात, आणि तोच फरक पुढे त्या जनावराचे नाव होऊन बसतो. कराड तालुक्यातल्या पालीच्या खंडोबाला जाणाऱ्या घरांत कुत्र्याला खंड्या किंवा वाघ्या म्हटले तर आश्चर्य नको, कारण खंडोबासोबत कुत्रा असतोच. टॉमी, टायगर आणि मोती ही नावे आपल्या वाड्या-वस्त्यांवर इतकी मुरली आहेत की टॉम्या हे आता अस्सल गावठी नाव झाले आहे. तेव्हा ‘आमचं नाव काही खास नाही’ असे म्हणू नका. मोत्या हजारो असतील. तुमच्या मोत्याला ते नाव कुठल्या संध्याकाळी, कुणाच्या तोंडून मिळाले, हे मात्र फक्त तुमच्या घरालाच ठाऊक आहे.

दोन माणसांनी दोन गोष्टी सांगितल्या, तर निवाडा करू नका. काका म्हणतात ऊसतोडीच्या फडात मोळ्यांखाली पिल्लू सापडले म्हणून मोळ्या. आत्या म्हणते छे, ते मोळीसारखे गुबगुबीत होते म्हणून. दोन्ही लिहा, कोण काय म्हणाले तेही लिहा. आपल्या सोयीने एकच गोष्ट गुळगुळीत करून लिहिलेली आठवण दहा वर्षांनी कुणालाच आपली वाटत नाही.

शर्यतीच्या बैलांबद्दल थोडे वेगळे सांगावे लागेल. मैदान मारणाऱ्या बैलाचे नाव निवेदकाच्या तोंडी असते, पत्रकावर असते, चित्रफितींत असते. ते सहज सापडते. पण सर्वोच्च न्यायालयाच्या 2014 च्या निकालापासून डिसेंबर 2021 पर्यंत शर्यती बंद होत्या. त्या काळात तयार झालेले कितीतरी खोंड मैदान न बघताच म्हातारे झाले. तुमच्या गोठ्यात असा बैल होऊन गेला असेल, तर त्याची नोंद तुमच्याशिवाय कुणाकडेच नाही. त्याचे पान आधी भरा.

नावे दोन असतील तर

हा गोंधळ तुमच्याच घरात आहे असे समजू नका. जुलै 2025 मध्ये नांदणी मठाची हत्तीण वनतारा या प्राणिकेंद्रात नेली गेली, तेव्हा सांगली-कोल्हापूरने तिची महादेवी आणि माधुरी ही दोन्ही नावे ऐकली, आणि कुणाला त्यात अडचण वाटली नाही. घरातही लसीकरणाच्या कार्डावर ‘रॉकी’ असतो आणि आजी त्याला ‘राक्या’ म्हणते. आठवणीत दोन्ही ठेवा. एकच निवडायचे असेल, जसे दगडावर, तर ज्या हाकेला तो धावत येई ते नाव निवडा. कागदावरचे नाव कागदावर राहू द्या.

तेच नाव पुन्हा ठेवावे का?

आपल्या भागात ही जुनी रीत आहे. एक राजा गेला की दावणीला दुसरा राजा येतो, आणि सर्जा गेला म्हणून जोडी मोडत नाही. शेतकरी घरात नाव बहुधा त्या जागेचे असते, आणि त्यात गेलेल्याचा अपमान नाही. कुत्र्या-मांजरांच्या बाबतीत मात्र घाई करू नका. घरातले एक जरी माणूस नव्या पिल्लाला जुन्या नावाने हाक मारताना अडखळत असेल, तर नाव बदला. मुलांचे मत आधी विचारा; बहुतेक वेळा त्यांचा नकार मोठ्यांपेक्षा स्पष्ट असतो.

तेच नाव ठेवलेच, तर वहीत थोरला आणि धाकटा असा फरक करून ठेवा. साताऱ्याच्या गादीवरही थोरले शाहू आणि धाकटे शाहू आहेतच. तारखेवाचून तिथे अभ्यासकांचाही गोंधळ उडतो, तर तुमच्या नातवंडांचा उडणारच.

फोटो आणि आवाज

2019 च्या महापुरात सांगलीतल्या कितीतरी घरांच्या फोटोंचे अल्बम भिजले. अशा गठ्ठ्यात तुमच्या जनावराचा एकुलता एक फोटो अडकला असेल, तर:

- एकमेकांना चिकटलेले फोटो ओढून सोडवू नका. स्वच्छ, थंड पाण्याच्या पसरट भांड्यात ठेवा. सुटतील ते आपोआप सुटतील.
- चिखल बोटाने घासू नका, पाण्यात हलवून जाऊ द्या.
- चित्राची बाजू वर ठेवून सावलीत वाळवा. उन्हात फोटो गुंडाळतो.
- लगेच वेळ नसेल तर ओले फोटो प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून फ्रीजरमध्ये ठेवा आणि सवडीने काढा.
- वाळले की मोबाइलवर फोटो घ्या. मूळ फोटो लॅमिनेट करू नका. आत राहिलेली ओल पुढे डाग पाडते.

वेगळा फोटो नसेल तर लग्नाचे, बारशाचे आणि बेंदराचे फोटो चाळा. कुत्रा मांडवाच्या कोपऱ्यात बसलेला असतोच. बेंदराला बैल रंगवताना अंगावर, शिंगांवर नावही रंगवण्याची हौस असते, त्यामुळे त्या फोटोंत कधी कधी नाव वाचताही येते. फोटोच्या मागे मऊ पेन्सिलीने जनावराचे नाव, साल आणि शेजारी उभे कोण ते लिहा. शाईचे पेन नको.

आणखी एक काम मोबाइलवर पाच मिनिटांत होते, आणि तरीही जवळजवळ कुणी करत नाही. घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला, तो त्या जनावराला जशी हाक मारी तशी मारायला सांगा आणि रेकॉर्ड करून ठेवा. नुसते ‘मनी’ असे लिहिले तर त्यात काहीच कळत नाही. माडीवरून दुधाची वाटी वाजवत मारलेली ‘मने, ए मनेऽ’ ही हाक लिहिता येत नाही.

समाधी, झाड की आणखी काही?

दगड. शेताच्या बांधावर छोटा काळा कडप्पा किंवा शहाबादी फरशी बसवणे सगळ्यात सोपे. नावाच्या पाट्या करणारे दुकानदार अक्षरे कोरून देतात. मजकूर कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून द्या आणि कोरण्याआधी नमुना बघा. ‘ड्या’, ‘त्या’, ‘प्या’ अशी जोडाक्षरे बहुतेक सगळ्या लाडक्या नावांत येतात आणि चुकतातही तीच. नदीकाठच्या मळीत दगड बसवू नका. गाळ एका पावसाळ्यात तो झाकून टाकतो.

मजकूर चार ओळींहून जास्त नको. नमुना असा:

मोळ्या
उसाच्या फडात सापडला
2011 ते 2024
वस्तीची राखण केली

‘स्वामिनिष्ठ’, ‘इमानी’ असली मोठी विशेषणे टाळा. सगळ्याच कुत्र्यांच्या दगडांवर तीच असतात. त्याऐवजी तो काय करी ते लिहा.

झाड. खड्ड्याच्या बरोबर वर लावू नका, कारण माती खचते आणि रोप कलंडते. तीन-चार फूट बाजूला, पहिल्या चांगल्या पावसानंतर लावा. माण, खटाव, आटपाडी आणि जत या कोरड्या भागांत कडुनिंब किंवा चिंच लावा. पाटण, जावळी आणि शिराळ्याच्या पावसाळी पट्ट्यात जांभूळ चालेल. पहिले दोन उन्हाळे पाणी घालायला कुणी नसेल तर झाडाचा विचार सोडा. स्मृतिवृक्ष वाळला की दुःख दुप्पट होते.

सणातली जागा. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांना आम्ही हा पर्याय सुचवतो. आपल्याकडे बैलांचा सण श्रावणातला पोळा नसून आषाढातला बेंदूर. सीमेकडच्या गावांत ज्येष्ठी पौर्णिमेचा कर्नाटकी बेंदूर. जनावर नसलेल्या घरांतही त्या दिवशी मातीचे बैल पुजतात. पूजेच्या वेळी वहीतली नावे एकदा मोठ्याने वाचा. खर्च शून्य, आणि मुलांना नावे पाठ होतात.

दानधर्म. गेलेल्या जनावराच्या नावाने एखाद्या भटक्या कुत्र्याच्या लसीचा खर्च उचला, नाहीतर गोशाळेला चारा द्या. पैसे देण्याआधी जागा बघून या आणि पावती घ्या.

तुमचे हक्क आणि त्यांच्या मर्यादा

- सोसायटी. भारतीय जीवजंतु कल्याण मंडळाच्या 2015 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार बहुमताचा ठराव करूनही सोसायटीला पाळीव प्राण्यांवर बंदी घालता येत नाही. पण आवार सगळ्यांचे आहे. तिथे पुरायला, पाटी लावायला किंवा झाड लावायला सोसायटीची लेखी संमती हवी.
- शेत. सातबारावर भावाभावांची सामाईक नावे असतील तर दगड बसवण्याआधी विचारा. आज प्रेमाने बसवलेला दगड उद्या मोजणीच्या वेळी हद्दीचा वाद होतो. गायरान, नदीपात्र, वनखात्याची जमीन आणि रस्त्याची कड इथे बांधकाम नकोच.
- देवळाचे आवार. पुजाऱ्याची तोंडी परवानगी पुरत नाही, विश्वस्तांची हवी.
- फ्लेक्स. ‘भावपूर्ण श्रद्धांजली’चे फलक चौकात लावायची हौस वाढली आहे. विद्रूपीकरण प्रतिबंधाच्या 1995 च्या राज्य कायद्यानुसार परवानगी नसलेल्या फलकावर गुन्हा दाखल होऊ शकतो. लावायचाच असेल तर आपल्या दारात लावा.
- नाव. कुत्र्याला शेजाऱ्याचे, पाहुण्याचे किंवा एखाद्या समाजाचे नाव गमतीने ठेवलेले असेल, तर ती गंमत घरातच ठेवा. छापू नका, कोरूही नका.

मुलांना काय सांगावे

‘मेला’ असेच सांगा. ‘शेतावर सोडून आलो’ म्हटले की मूल शेतावर जायचा हट्ट धरते आणि मग दुसरे खोटे बोलावे लागते. वहीत एक पान मुलांच्या हाताने लिहू द्या. शुद्धलेखन तपासू नका.

पुन्हा जनावर आणताना

‘आमचा मिठू गेला, तसाच दुसरा कुठे मिळेल?’ असेही वाचक विचारतात. आजोबांच्या काळी ओसरीवर पिंजऱ्यात पोपट असे हे खरे, पण आपल्याकडचे रानपोपट 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात. ते विकत घेणे आणि पाळणे दोन्ही गुन्हा आहे. भाग्याचे म्हणून विकले जाणारे तारा कासवही तसेच. जुन्या मिठूची गोष्ट खुशाल लिहा, नवा मिठू आणू नका.

कुत्रा किंवा मांजर आणणार असाल तर पहिल्या लसीच्या वेळीच कार्डावर, तुम्ही घरात जी हाक मारता तेच नाव लिहून घ्या, आणि वहीत त्याच दिवशी नवे पान काढून नाव कुणी आणि का ठेवले ते नोंदवा. आधीच्या कुत्र्याचा पालिकेचा परवाना असेल तर तो रद्द करायचा अर्ज याच फेरीत देऊन टाका. जनावर आजारी पडल्यास पशुवैद्यकीय मदतीसाठीचा 1962 हा क्रमांक त्याच वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.